चौदा रिळांचा सूडपट: साडेचार तासांचा सिनेमा ३५ मिमी फिल्मवर दाखवायचा तर

टेबलावर चौदा रिळं ओळीने मांडली की पहिल्यांदा धास्तीच वाटते. दोन तासांचा सिनेमा सहा रिळांत आटपतो. पाच वेळा मशीन बदललं की संपला. चौदा रिळं म्हणजे ऑपरेटरने साडेचार तास केबिनमध्ये उभं राहायचं, दर अठरा-वीस मिनिटांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जायचं, आणि खाली बसलेल्या एकाही माणसाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

हे काम मी तालुक्याच्या एका टॉकीजमध्ये शिकलो. तिथल्या ऑपरेटरांना सगळं गाव नाना म्हणायचं. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "अरे, खेळ मशीनवर होत नाही. खेळ टेबलावर होतो. मशीनवर फक्त दिसतो." आता मी कॅलिफोर्नियात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या फिल्म सोसायटीच्या केबिनमध्ये दोन जुनी मशीनं चालवतो. डिसेंबर २०२५ मध्ये 'किल बिल: द होल ब्लडी अफेअर' फिल्मवर लागला तेव्हा प्रेक्षकांत बसून पाहिला. डोळे पडद्यावर होते, पण कान आणि निम्मं लक्ष मागच्या केबिनच्या खिडकीकडे. एवढा लांब सिनेमा फिल्मवर दाखवायचा तर तयारी कशी करायची, हे सोसायटीतल्या नव्या मुलांना सांगता सांगता हा लेख तयार झाला. पुण्या-मुंबईत ज्यांनी ३५ मिमीची मशीनं अजून जपली आहेत, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

हाच सिनेमा उदाहरणाला का?

अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोने 'किल बिल' एकच सिनेमा म्हणून चित्रित केला, पण तो दोन भागांत आला. पहिला भाग ऑक्टोबर २००३ मध्ये, दुसरा एप्रिल २००४ मध्ये. अखंड आवृत्तीची प्रिंट बरीच वर्षं कुठे सहज बघायलाच मिळत नव्हती. मार्च २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू बेव्हरली थिएटरात ती दाखवली गेली, आणि ती प्रिंट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवासाठी काढलेली असल्यामुळे तिच्यावर फ्रेंच सबटायटल्स होती. न्यू बेव्हरली टॅरंटिनोच्याच मालकीचं आहे आणि तिथे फक्त फिल्म चालते. १९२३ साली सुरू झालेलं, त्याच शहरातलं व्हिस्टा थिएटरही पुढे त्याने घेतलं आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. २०२५ च्या उन्हाळ्यात ही अखंड आवृत्ती तिथे ३५ मिमीवर लागली. मग ५ डिसेंबर २०२५ ला ती अमेरिकाभर आली, त्यात काही थिएटरांत ७० मिमी आणि ३५ मिमी प्रिंट.

या आवृत्तीत जपानी उपाहारगृहातली मोठी तलवारबाजी पूर्ण रंगीत आहे. २००३ मध्ये अमेरिकेत तिचा मोठा भाग कृष्णधवल करून दाखवला होता. मधला ॲनिमेशनचा भाग लांबला आहे. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना लटकत ठेवणारं एक वाक्य होतं, तेही काढलं आहे. ऑपरेटरच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की ही दोन जुन्या सिनेमांची नुसती जोडणी नाही. पूर्वीच्या प्रिंटवरून रिळांच्या टिपा काढून ठेवल्या असतील तर त्यांच्यावर विसंबू नका, सगळं नव्याने मोजा.

आधी हिशेब

३५ मिमी फिल्म एका मिनिटाला ९० फूट धावते. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), फुटाला १६ चौकटी. मध्यंतर धरून हा खेळ साडेचार तासांच्या वर जातो. हिशेबापुरती मध्यंतर वगळून २६० मिनिटं धरू. म्हणजे २३,४०० फूट, सात किलोमीटरपेक्षा थोडी जास्त फिल्म. दोन हजार फुटांच्या रिळात जेमतेम बावीस मिनिटं मावतात, पण रिळं काठोकाठ भरलेली नसतात, म्हणून चौदा धरायची. ७० मिमीची फिल्म मिनिटाला सुमारे ११२ फूट जाते. तोच सिनेमा तिथे जवळजवळ नऊ किलोमीटर होतो, आणि वजन तर कितीतरी वाढतं.

चौदा रिळं म्हणजे तेरा बदल. त्यातला एक मध्यंतरात जातो, म्हणजे चालू खेळात बारा. हा बाराचा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं काम त्या बारा क्षणांसाठी आहे.

प्रिंट मागवताना

दाखवण्याचा हक्क आणि प्रिंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेकदा त्या दोन वेगळ्या दारांवर मिळतात. हक्क मिळाला म्हणजे प्रिंट मिळालीच असं नाही. प्रिंट देणारा बहुतेक वेळा अटी घालतो. सगळी रिळं एकाला एक जोडून मोठ्या आडव्या ताटावर चढवायची नाहीत, रिळाच्या तोंडाची आणि शेपटाची पट्टी कापायची नाही, दोन मशीनवर चेंजओव्हर करूनच, म्हणजे एक रीळ संपताच दुसऱ्या मशीनवर जाऊनच, चालवायची. या अटी जाचक वाटतात, पण त्या न्याय्य आहेत. ताटावर चढवताना प्रत्येक रिळाची टोकं कापली जातात, उतरवताना पुन्हा जोडली जातात, आणि दर वेळी एखाददुसरी चौकट गळते. दहा थिएटरं फिरून आलेल्या प्रिंटमध्ये रिळाच्या शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं मी ऐकलं आहे. तुमच्याकडे एकच मशीन असेल तर असा सिनेमा मागवूच नका. जत्रेतल्या तंबूत एका मशीनवर रीळ संपलं की दिवा लागायचा, लोक बोलायचे, मग पुढचं रीळ. तो वेगळा काळ होता आणि प्रेक्षकाला ते मान्य होतं.

प्रिंट खेळाच्या किमान तीन दिवस आधी हातात हवी. एक दिवस आधी आली तर तपासणी उरकावी लागते, आणि उरकलेली तपासणी म्हणजे न केलेलीच.

पेटी आली की लगेच उघडू नका. थंडीत गाडीतून आलेली फिल्म गार असते. गरम खोलीत तिचा डबा उघडला की तिच्यावर दव धरतं. झाकण बंद ठेवून एक दिवस केबिनमध्ये राहू द्या. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात काम करणाऱ्यांना हे सांगायला नको.

टेबलावरचे दोन दिवस

एक रीळ हाताने नीट बघायला अर्धा ते पाऊण तास लागतो. चौदा रिळांना आठ-नऊ तास. एका बैठकीत करू नका, दहाव्या रिळानंतर डोळे काही पकडत नाहीत. दोन दिवसांत वाटून घ्या.

टेबलावर हाताने फिरवायचे दोन रिवाइंडर (फिल्म गुंडाळायची चाकं), मध्ये खालून उजेड देणारी काच, भिंग, जोडपट्टी, मऊ ब्रश, आणि एक वही. मोटरवर रिवाइंड करत तपासणी होत नाही, हाताने फिरवा. फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत अलगद धरा. भोक फाटलेलं असेल, कड चिरलेली असेल, जुना जोड सुटत आलेला असेल, तर ते डोळ्याआधी बोटाला कळतं. सुती हातमोजे घालावेत का, यावर मतभेद आहेत. माझं मत असं, की चित्राला हात लागण्याची शक्यता असेल तिथे घालावेत, पण कडा तपासताना स्वच्छ धुतलेली कोरडी बोटं बरी. हातमोज्याचा धागा फाटलेल्या भोकात अडकतो आणि छोटी चीर मोठी करतो.

आधी फिल्म कशाची आहे ते ओळखा. रीळ आडवं धरून त्याच्या बाजूने उजेडाकडे बघा. उजेड आरपार झिरपला तर पॉलिएस्टर, काळं दिसलं तर ॲसिटेट. पॉलिएस्टर तुटत नाही, ही चांगली बातमी नाही. मशीनमध्ये अडकली तर फिल्म शाबूत राहते आणि मशीनचा भाग वाकतो. तिचा जोड बहुधा चिकटपट्टीने होतो, जुन्या पद्धतीचं सिमेंट तिला धरत नाही. ॲसिटेट असेल तर डबा उघडताच नाक लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे फिल्म कुजायला लागली आहे. तशी प्रिंट मशीनवर चढवण्याआधी मालकाला फोन करा.

मग रेघा. काळी रेघ दिसली तर ती बहुधा फिल्मच्या चकचकीत पाठीवर आहे, ती तुलनेने कमी वाईट. रंगीत रेघ चित्राच्या थरात गेलेली असते. रंगीत प्रिंटमध्ये वरचा थर खरवडला की हिरवी रेघ दिसते, आणखी खोल गेली की पिवळी, पार आत गेली की पांढरी. हे वहीत रिळागणिक लिहून ठेवा. परत पाठवताना "ही रेघ तुमच्याकडे पडली" असं कुणी म्हणालं, तर तुमची बाजू मांडणारी तीच वही.

प्रत्येक रिळासाठी वहीत या गोष्टी हव्यात: एकूण फूट, पहिल्या चौकटीत काय दिसतं, शेवटच्या दृश्यात काय घडतं आणि शेवटचा शब्द कोणता, चेंजओव्हरचे ठिपके (रीळ संपत आल्याची पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी खूण) आहेत का, आणि रीळ डोक्याकडून गुंडाळलं आहे की शेपटाकडून. शेवटच्या दृश्याचं वर्णन कंटाळवाणं वाटतं, पण ठिपके नसतील किंवा उडून गेले असतील तर रात्री तेच कामाला येतं. ठिपके नाहीत म्हणून खिळ्याने फुल्या ओढू नका. आमच्याकडच्या प्रिंटा गावोगावी फिरायच्या आणि प्रत्येक टॉकीजचा ऑपरेटर स्वतःची खूण करायचा. रिळाच्या शेवटी पडद्यावर तारांगण दिसायचं.

आता रिळांचा क्रम, आणि इथे हा सिनेमा फार सावधपणे हाताळावा लागतो. एकदा आमच्या टॉकीजमध्ये पाचवं आणि सहावं रीळ उलटसुलट लागलं. डब्यावरची चिठ्ठी चुकीची होती. साधा कौटुंबिक सिनेमा होता, मेलेला बाप पुन्हा जेवायला बसला आणि लोकांनी लगेच ओरडा केला. 'किल बिल' मध्ये तसं होणार नाही, कारण त्याचे अध्याय मुळातच कालक्रमाने नाहीत. पहिल्या अध्यायाचं नावच '२' असं आहे. नायिकेच्या यादीतला दुसरा सूड सिनेमात आधी दिसतो आणि पहिला नंतर. एखादं रीळ मागेपुढे झालं तर प्रेक्षक समजेल की दिग्दर्शकानेच असं केलं आहे, आणि तुम्हालाही तसंच वाटेल. म्हणून डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि गोष्टीवरही नको. फिल्मच्या तोंडपट्टीवरचा रीळक्रमांक वाचा, अध्यायांच्या पाट्या कुठल्या रिळात कुठे येतात ते लिहा, दहाही अध्याय क्रमाने जुळले की मगच पुढे जा.

जे दोष नाहीत ते दोष

या सिनेमात काही जागा अशा आहेत की नवख्या ऑपरेटरचा हात चटकन मशीनकडे जातो. त्या आधीच माहीत हव्यात, कारण तिथे हात लावला तर खरा घोटाळा होतो.

सुरुवातीलाच जुन्या हाँगकाँगच्या सिनेमासारखी शॉ ब्रदर्सची मुद्रा आणि जुनाट, झिजल्यासारखी दिसणारी एक पाटी येते. ते प्रिंटचं म्हातारपण नाही, मुद्दाम तसं आहे. त्यावर फोकस लावू नका. पाठोपाठ नायिकेचा चेहरा कृष्णधवल दिसतो. रंगीत सिनेमात रंग गेले म्हणून घाबरायचं नाही.

पहिल्या अर्ध्या भागात कुणी नायिकेचं नाव उच्चारलं की त्यावर एक तीव्र टूं असा आवाज येतो. ध्वनीची वाट बंद पडली असं वाटून आवाजाचा खटका बदलू नका.

उत्तरार्धात तिला पेटीत घालून पुरतात तेव्हा पडदा पार काळा होतो आणि फक्त आवाज उरतो, खिळ्यांचा, मातीचा. पूर्ण काळोखात बसून तो आवाज ऐकणं हा त्या प्रसंगाचा प्राण आहे. त्या वेळी दिवा गेला असं समजून कुणी केबिनचा लाईट लावला तर खिडकीतून उजेड थेट प्रेक्षकांवर पडतो. त्या रिळाला आमच्या मुलांसाठी मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'काळोख. हात लावू नये.' केबिनमधला वाचायचा दिवाही तेवढा वेळ झाकून ठेवा.

पाय मेई या गुरूकडच्या प्रशिक्षणाचा भाग दाणेदार आणि भडक आहे, तोही तसाच हवा. रॉबर्ट रिचर्डसन या छायाचित्रकाराने प्रत्येक अध्यायाला वेगळा पोत दिला आहे. फिल्मवर तो पोत जितका कळतो तितका दुसरीकडे कुठे कळत नाही, माझ्या मते तरी प्रिंट मागवण्याचं खरं कारण हेच.

मशीन

दोन्ही मशीनचे गेट (दिव्यासमोरून फिल्म जाते ती जागा), दात असलेली चाकं आणि दाबपट्ट्या आदल्या दिवशी पुसा. जुना दात घासायचा ब्रश सगळ्यात बरा. प्रत्येक रिळानंतर गेटवर फिल्मची भुकटी जमते, तीही दर वेळी झटकायची.

हा सिनेमा सुपर ३५ पद्धतीने चित्रित केला आहे आणि ३५ मिमी प्रिंट स्कोपमध्ये येते, म्हणजे चित्र आडवं दाबलेलं. त्यासाठी ते चित्र पुन्हा रुंद करणारं ॲनामॉर्फिक भिंग आणि चित्राचा आकार ठरवणारी स्कोपची खिडकीपट्टी दोन्ही मशीनवर हवी. आधी जुने ट्रेलर दाखवायचे असतील आणि ते साध्या आकारात असतील, तर भिंग, खिडकीपट्टी आणि पडद्याच्या कडेचे काळे पडदे असं सगळं खेळाच्या तोंडावर बदलावं लागतं. माझा सल्ला, ट्रेलर नकोतच. लोक आधीच पाच तासांसाठी घरून निघाले आहेत.

७० मिमी प्रिंट असेल तर चित्र मूळ फिल्मवरून फुगवलेलं असतं. आपल्या 'शोले'चंही तसंच होतं, चित्रण ३५ वर आणि १९७५ मध्ये मुंबईच्या मिनर्व्हात प्रिंट ७० वर. तोही सूडपटच, आणि ठाकूर स्वतः गब्बरला मारतो तो मूळ शेवट असलेली त्याची अखंड आवृत्तीही २०२५ मध्येच पडद्यावर आली. ७० मिमीच्या चौकटीचा आकार स्कोपपेक्षा कमी रुंद असतो. त्यामुळे स्कोपचं चित्र तिच्यात वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून बसतं. वरचा काळा पडदा खाली आणायला विसरू नका, नाहीतर राखाडी पट्टी चार तास डोळ्यांत खुपत राहते.

दोन मशीनच्या दिव्यांचं तेज आणि रंग सारखा आहे का, हे बघणं लांब खेळात फार महत्त्वाचं. एक झेनॉन दिवा नवा आणि दुसरा जुना असला की एका रिळात बर्फ पांढरा दिसतो आणि पुढच्यात पिवळट. या सिनेमात पूर्वार्धाच्या शेवटी बर्फाच्छादित बागेत एक लढाई आहे, तिथे तर हे लपणारच नाही. रिकाम्या गेटमधून पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) हे ठरलेलं प्रमाण. मीटर नसेल तर निदान दोन्ही मशीनचा पांढरा उजेड आळीपाळीने पडद्यावर टाकून डोळ्याने जुळवा. दिव्याचे तासही मोजा, आयुष्य संपत आलेला दिवा साडेचार तासांच्या खेळाला लावू नये. आणि दिवा बदलताना तोंडावर जाळी-काचेचा मुखवटा हवाच. झेनॉन दिवा गार असतानाही आत दाब असतो, फुटला तर काचेचे तुकडे चाकूसारखे लागतात. याबाबतीत कुणाचीही घाई ऐकू नका.

रात्रीचा कागद

केबिनच्या भिंतीवर एक कागद लावायचा. त्यावर चौदा ओळी. प्रत्येक ओळीत रिळाचा क्रमांक, कुठल्या मशीनवर, किती मिनिटं, घड्याळात केव्हा संपेल, शेवटचं दृश्य, आणि काही विशेष. विषम रिळं डाव्या मशीनवर, सम उजव्या. हा क्रम मोडायचा नाही. मध्यरात्री थकलेल्या माणसाला डावं-उजवं आठवत नाही, कागद आठवण देतो.

एकट्याने हा खेळ करू नका. दोन माणसं हवीत. एक मशीनवर, दुसरा रिवाइंड, नोंदी आणि पुढचं रीळ हाताशी. दर सात रिळांनी जागा बदला. पाणी केबिनबाहेर ठेवा, डबा मध्यंतरात खा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण शेवटच्या तीन रिळांतल्या चुका नेहमी भुकेल्या आणि ताटकळलेल्या माणसाच्या हातून होतात.

फिल्म चढवणं आणि बदल

फिल्म चढवताना गेटच्या वर आणि खाली सैल वळसा सोडायचा असतो, त्याला लूप म्हणतात. गेटमध्ये फिल्म थांबत-थांबत जाते, सेकंदाला चोवीस वेळा, आणि बाकी सगळीकडे सलग धावते. तो धक्का लूप पचवतो. वरचा लूप लहान झाला की भोकं फाटतात. खालच्या लूपवर आवाज अवलंबून आहे. पट्टीवरचा आवाज त्याच्या चित्रापासून एकवीस चौकटी दूर असतो, लूप काही चौकटींनी चुकला तर ओठ आणि शब्द वेगळे पडतात. चढवल्यावर हाताने चाक फिरवून दहा-बारा चौकटी पुढे घ्या. खटखट आवाज आला तर पुन्हा चढवा.

रिळाच्या तोंडपट्टीवर उतरत्या क्रमाने आकडे असतात. कुठला आकडा गेटमध्ये ठेवून थांबवायचं, हे तुमचं मशीन किती वेळात पूर्ण वेग धरतं यावर आहे. बऱ्याच मशीनवर सात किंवा आठ बसतो. पण सांगीव माहितीवर जाऊ नका, निकामी फिल्म घेऊन प्रत्येक मशीनवर पाच-पाच वेळा करून बघा. माझ्या उजव्या मशीनला डाव्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, म्हणून त्याचा आकडा वेगळा आहे.

रीळ संपायला साधारण आठ सेकंद उरले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका येतो. स्कोपमध्ये तो अंडाकृती दिसतो. चारच चौकटी टिकतो, डोळा मिचकावला तर गेला. तो दिसताच दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. दिवा आधीच पेटलेला, त्याच्यापुढची झडप बंद. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि त्याच क्षणी एकाची झडप बंद, दुसऱ्याची उघडी, आवाज इकडून तिकडे. बस्स. नाना या सात सेकंदांत श्वास रोखायचे. मीही रोखतो.

दोन मिनिटं आधीपासून खिडकीशी उभं राहा. त्या वेळी कुणाशी बोलायचं नाही, फोन खिशात. कागदावरचं शेवटचं दृश्य आठवत राहा, म्हणजे ठिपका हुकला तरी दृश्यावरून बदल करता येतो. बदल झाल्यावर लगेच दुर्बिणीने पडद्याकडे बघा आणि फोकस चित्रावर नव्हे, फिल्मच्या दाण्यावर लावा. दाणा रेखीव दिसला की फोकस बरोबर. नव्या रिळाचा फोकस गरम होताना थोडा सरकतो, मिनिटभराने पुन्हा बघा.

तलवारबाजीच्या लांब प्रसंगात एखादा बदल येत असेल तर त्याची तालीम वेगळी करा. तिथे कट इतके भराभर आहेत की अर्धा सेकंद उशीर झाला तरी एक वार गायब होतो.

मध्यंतर

आपल्याकडे मध्यंतर थिएटरवाला ठरवतो. इथे ते दिग्दर्शकाने ठरवलं आहे, पाचव्या अध्यायानंतर, पंधरा मिनिटं. ते रिळाच्या शेवटी येतं का, हे टेबलावरच बघून ठेवा. येत नसेल तर काय करायचं ते प्रिंटच्या मालकाला विचारा, स्वतःच्या मनाने रीळ मध्येच थांबवू नका. गेटमध्ये थांबलेल्या फिल्मवर दिव्याची धग काही क्षण पडली तरी चित्र भाजतं.

पंधरा मिनिटांत भरलेल्या थिएटरची रांग संपत नाही. आम्ही नाटकाची रीत उचलली आहे. दहाव्या मिनिटाला पहिली घंटा, तेराव्याला दुसरी, पंधराव्याला तिसरी, आणि तिसरीनंतर पडदा थांबत नाही. घंटा कशाची, हे पहिल्या खेळाआधी सगळ्यांना सांगावं लागतं. मराठी माणसं असली तर सांगावं लागत नाही.

तेवढ्या वेळात केबिनमध्ये दोन्ही गेट साफ करायचे, पुढची दोन रिळं चढवलेली हवीत, आणि दिव्यांच्या पंख्यांचा आवाज नीट आहे का ते ऐकायचं.

बिघडलं तर

लूप गेला आणि चित्र उड्या मारू लागलं तर झडप बंद करा, मशीन थांबवा, लूप पुन्हा करा. चौकट वर-खाली सरकली असेल तर फक्त फ्रेमचा दांडा हलवा, मशीन थांबवू नका. पॉलिएस्टर फिल्म खाली गोळा होऊ लागली तर विचार न करता बंद करा आणि हाताने ओढू नका, हळूहळू सोडवा. फिल्म फाटली तर तात्पुरता जोड करून खेळ पुढे न्या, वहीत जागा लिहा, आणि नीट जोड उद्या उजेडात करा. एकही चौकट कापायची नाही.

खेळ थांबला तर प्रेक्षागृहात माणूस पाठवा. "दोन मिनिटांत सुरू होईल" एवढं कुणीतरी येऊन सांगितलं की लोक शांत बसतात. अंधारात काहीच न कळलेली माणसं शिट्ट्या मारतात.

खेळ संपल्यावर

रात्री परत रिवाइंड करायचं नाही. थकलेल्या हाताने घाईत गुंडाळलेलं रीळ घट्ट-सैल होतं आणि प्रवासात आतल्या आत घासून रेघा पडतात. मशीनवरून उतरलेलं रीळ तसंच डब्यात, त्यावर 'शेपूट बाहेर' अशी चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी चौदाही रिळं पुन्हा हाताने तपासायची. आधीच्या वहीशी ताडून बघायची. नवी रेघ पडली असेल तर स्वतःच्या अक्षरात लिहून मालकाला कळवायची, न विचारता. पुढच्या वेळी प्रिंट मिळते ती या एका चिठ्ठीवर.

मग डबे क्रमाने पेटीत, वर तपासणीचा कागद, पट्टे घट्ट. पेटी उचलायला दोन माणसं बोलवा.